‘सगळी सेटिंग असते’ म्हणण्यापूर्वी

महोदय,

फुटबॉलचा एखादा मोठा सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये ‘सगळी सेटिंग असते’ हे वाक्य हमखास कानी पडते. 2022 च्या कतारमधील विश्वचषकात अर्जेंटिनाला पाच पेनल्टी मिळाल्या. तेव्हापासून मेस्सीला चषक द्यायचे आधीच ठरले होते, असे छातीठोकपणे सांगणारे आमच्या परळ-नायगाव भागात घरटी एक तरी सापडतील. या शहरातील स्थानिक फुटबॉलमध्ये मी अनेक वर्षे पंच म्हणून काम केले आहे. संशय घेणे गैर नाही, पण तो बहुधा भलत्याच सामन्यांवर घेतला जातो आणि जिथे खरोखर सामने विकले जातात तिकडे कोणी फिरकतही नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचेच घ्या. ऐंशीव्या मिनिटापर्यंत 2-0 ने मागे असलेल्या फ्रान्सला एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल करून बरोबरीत आणले, जादा वेळेनंतर गुणफलक 3-3 झाला आणि अगदी शेवटच्या क्षणी एकट्याने समोर आलेल्या फ्रेंच खेळाडूचा फटका अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाने पाय लांबवून अडवला. निकाल आधी विकत घेतलेला माणूस आपला पैसा असा एका पायाच्या भरवशावर ठेवील, हे मला तरी पटत नाही.

मोठ्या क्लबांना डाग लागलेलाच नाही, असे मात्र नाही. 1993 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय क्लबने प्रतिस्पर्धी संघातील खेळाडूंना पैसे चारले, तेही अवघ्या काही दिवसांवर आलेल्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याआधी आपल्या खेळाडूंना दुखापत होऊ नये म्हणून. त्यातली रक्कम पुढे एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेली सापडली. इटलीत 2006 मध्ये आपल्या सामन्यांवर सोयीचे पंच नेमले जावेत म्हणून क्लबचे पदाधिकारी दबाव आणत असल्याचे उघड झाले आणि युव्हेंटससारख्या क्लबला दोन विजेतेपदे गमावून दुसऱ्या श्रेणीत जावे लागले. ती भानगड मैदानावर कोणाला दिसली नव्हती. ती टेलिफोनवरील संभाषणांतून बाहेर आली.

बुकीला हवा असतो तो कमी लोकांनी पाहिलेला, पण सट्टा लागू शकेल असा सामना, आणि गरजू खेळाडू किंवा पंच. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर या पंचाने सट्टेबाजांसाठी सामने फिरवले, ते मुख्यतः खालच्या श्रेणींतले होते. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2012 मध्ये पूर्व युरोपात केलेल्या पाहणीत सुमारे 41 टक्के खेळाडूंना पगार वेळेवर मिळत नसल्याचे आणि सुमारे 12 टक्के खेळाडूंना सामना फिरवण्याबद्दल विचारणा झाल्याचे दिसले. तुर्कस्तानात तर 2025 मध्ये व्यावसायिक लीगमधील 571 पंचांपैकी 371 जणांची सट्ट्याची खाती निघाली. पंच म्हणून ही संख्या वाचताना मला लाज वाटली.

आपल्याकडे 2004 मध्ये गोव्याच्या दुसऱ्या श्रेणीत बढतीसाठी गोलफरक वाढवण्याच्या चढाओढीत एक सामना 61-1 आणि दुसरा 55-1 असा संपला होता. तो प्रकार इतका उघडा होता की संघांवर बंदी आली. परंतु लबाडी नेहमी इतकी बावळट नसते. लीगच्या एका अखेरच्या सामन्यात दोन्ही संघांना बरोबरी पुरेशी होती, तेव्हा शेवटची वीस मिनिटे चेंडू केवळ बचावपटूंमध्ये फिरत राहिला आणि माझ्या हाती शिट्टी असूनही ती वाजवण्याजोगा एकही नियम नव्हता. 1982 च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी एका गोलनंतर हेच केले व त्याच गटात आपले सामने आधीच संपवलेला अल्जीरिया बाहेर गेला. त्यानंतर गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत आली.

म्हणून चिंता कतारमधल्या पेनल्टीची नको, घरची करावी. जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम अनिश्चित झाला आणि त्यापाठोपाठ बेंगळुरूच्या क्लबने खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. यातून कोणी गैरप्रकार केला, असे मी मुळीच सुचवत नाही. पण घराचा हप्ता थकलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला अनोळखी नंबरावरून फोन येण्याची वेळ नेमकी हीच असते. आपल्या क्रीडा पानावर युरोपातील निकालांशेजारी कोणत्या भारतीय क्लबने किती महिन्यांचे पगार थकवले आहेत, हेही नियमित छापावे, आणि अधूनमधून कूपरेज मैदानावरच्या रिकाम्या बाकांकडे एखादा बातमीदार पाठवावा, ही विनंती. कोणीतरी लिहून घेत आहे असे दिसले की खेळाडूंच्या पायांत जोर येतो, हे मी शिट्टी हातात घेऊन अनेकदा पाहिले आहे.

– एक निवृत्त पंच, नायगाव, मुंबई