सिम्युलेशनमध्ये पास, ब्रेडबोर्डवर नापास

संपादक साहेब, नमस्कार.

माझी भाची इथेच नवी मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग करते. परवा रात्री लॅपटॉपवर सर्किटचं सिम्युलेशन घेऊन आली, म्हणाली मामा हे बघ ना, लॉजिक गेटमधून (इनपुट बघून हो-नाही ठरवणारा भाग) एकच व्होल्ट येतोय, रिलेच्या (विजेवर चालणारा स्विच) कॉइलला करंटच पुरत नाहीये. मी आधी ट्रान्झिस्टर, रेझिस्टर सगळं तपासत बसलो, मग लक्षात आलं की एलटीस्पाइस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधलं डिजिटल गेट नुसतं उचलून ठेवलं तर त्याचा हाय, म्हणजे ‘हो’चा सिग्नल, १ व्होल्टचाच असतो आणि डिले, म्हणजे आउटपुट बदलायला लागणारा वेळ, शून्य! लपवाछपवी काही नाही, हेल्पमध्ये लिहिलंय, पण वर्गात ते पान कुणी उघडलेलंच नाही.

५ व्होल्ट टाकले, रिले ओढला, ती खूश. मग मी मुद्दाम त्याच गेटला रेझिस्टरशिवाय एलईडी लावायला सांगितला तर पडद्यावर करंट थेट अँपिअरमध्ये, कारण मॉडेलचा आउटपुट रेझिस्टन्सच १ ओहम. खऱ्या ७४एचसी जातीच्या गेट चिपच्या पिनची कमाल मर्यादा २५ मिलिअँपिअर.

आता प्रत्येक गेट आतल्या ट्रान्झिस्टरसकट सोडवायचं म्हटलं तर दोन इनपुटच्या एका नँड गेटलाच ४ मॉसफेट ट्रान्झिस्टर, मोठं सर्किट संपायचंच नाही, म्हणून सॉफ्टवेअर फक्त इनपुट-आउटपुटचं वागणं धरतं. बरोबरच आहे ते. पण डिले किती, लेव्हल काय, लोड किती झेपेल हे डेटाशीट (चिपच्या कंपनीचं माहितीपत्रक) बघून आपणच भरायचं असतं ना? आणि मोकळी सोडलेली पिन एलटीस्पाइस सरळ अस्तित्वातच नाही असं समजतं. पण लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ७४एचसी०० या खऱ्या नँड चिपचं एक इनपुट मोकळं ठेवलं आणि नुसतं बोट जवळ नेलं तर एलईडी लुकलुकायला लागला, भाची बघतच राहिली. तीन वर्षांत हे पहिल्यांदा पाहिलं म्हणे!

कॉलेजात काय, फाइलमध्ये वेव्हफॉर्मचा स्क्रीनशॉट चिकटवला की सही. माझं म्हणणं एवढंच, एक प्रॅक्टिकल असं ठेवा की डेटाशीटवरून गेटचं मॉडेल भरा, मग तेच ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) लावून ऑसिलोस्कोपवर डिले मोजा, मार्क दोन्ही आकड्यांतला फरक का पडला ते सांगण्याला. सॉफ्टवेअरच्या खर्चाचं कारण चालणार नाही, पवईच्या आयआयटीच्या फॉसी या ओपन सोर्स प्रकल्पाचं ईसिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आत एनजीस्पाइस हा सिम्युलेटर आहे. स्कोप तर लॅबमध्ये आहेच, कव्हर घालून ठेवलेला.

— एक वाचक, कोपरखैरणे