बाबा, आता तुमचाही पासपोर्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा 'बघू' म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणते आणि जेवलीस का विचारते. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच 'बघू' म्हणून थांबवता येत नाही.

बाबा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तुमची सगळी नोकरी गेली. भोंगा झाला की डबा उचलायचा, सुटताना गेटवर झडती द्यायची, आणि घरी कामाबद्दल अवाक्षर नाही. माझा पहिला पासपोर्ट आला तेव्हा तुम्ही माझा फोटोसुद्धा बघितला नाहीत. आधी शिलाई बघितलीत, मग एक पान ट्यूबलाइटसमोर धरलंत, अंगठ्याने छत्तीसच्या छत्तीस पानं चाळलीत आणि म्हणालात, 'ठीक आहे.' पुढे एका परक्या विमानतळावर साहेबाने तोच पासपोर्ट भिंगाखाली धरला आणि किती तरी वेळ सोडेना. मागे रांग खोळंबलेली, आणि मला मात्र हसू येत होतं. म्हटलं, बघ लेका, हवं तेवढं बघ. आमच्या घरातून तपासून आलाय तो.

देशभराचे पासपोर्ट नाशिकरोडला छापले जातात आणि तुमचा दोघांचा नाही. का नाही, याची कारणं मला पाठ आहेत. त्यातलं खाण्याचं आधी घेते, कारण आईचा सगळा जीव तिथे अडकलाय.

आई, जपानला कोयासान नावाचा डोंगर आहे. ओसाकाहून रेल्वेने जायचं, शेवटचा चढ दोराने ओढलेल्या डब्यातून. वर सगळी देवळंच. त्यातली पन्नासेक देवळं यात्रेकरूंना राहायला खोली देतात. जेवण भिक्षू स्वतः रांधतात: मांस-मासळी नाहीच, कांदा-लसूणही नाही. तुझ्या चातुर्मासात बसेल असं. रस्सा समुद्री शेवाळाचा होता, मासळीचा नाही. तुझी मुलगी आहे, दोनदा विचारून घेतलं. लाल लाखेच्या तबकात वाट्या मांडून आणतात. एका वाटीत तीळ वाटून, कंदाचं सत्त्व घालून, घोटून थापलेली वडी होती. खरवसासारखी थरथरणारी, पण गोड नाही, वर झणझणीत हिरवा ठिपका. पहाटे देवळात समिधा टाकून होम होतो, अगदी मंत्रांसकट. मागे बसून बघता येतं.

बाबांचं म्हणणं, 'आपलं त्र्यंबक काय वाईट आहे?' वाईट कोण म्हणतंय! उलट कोयासानला मला सारखं त्र्यंबकच आठवत होतं. तो डोंगर ज्यांनी वसवला ते कूकाई ८३५ साली गेले, पण 'गेले' असं तिथे कोणी म्हणत नाही. ते समाधीत बसलेत म्हणतात. समाधीकडे जाणारी वाट दोन किलोमीटरची, दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेली देवदारासारखी झाडं आणि दोन लाखांहून जास्त थडगी. रोज सकाळी सहाला आणि पुन्हा साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्यांचं जेवण घेऊन जातात. मी बाजूला उभी राहून ती पेटी जाताना पाहिली. हजार-बाराशे वर्षं नैवेद्य चालू आहे, आई. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे पौषवारीला तू जशी हात जोडून उभी राहतेस तशाच तिथल्या म्हाताऱ्या बाया उभ्या होत्या.

आणि बाबा, तुमच्यासाठी एक. तिथल्या थडग्यांवर पाच दगड एकावर एक रचलेले असतात: खाली चौकोनी पृथ्वी, मग गोल पाणी, मग अग्नी, वारा, सगळ्यात वर आकाश. प्रत्येकावर एकेक अक्षर, अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम्, आपल्या ब्राह्मीच्या वंशातली. पांडवलेण्यांत तुम्ही मला सातवाहनांच्या राणीचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख दाखवायला न्यायचात, तेव्हा मी पायऱ्या मोजत कंटाळायचे. इथे शेवाळ पुसून अक्षरं लावत बसले.

जॉर्जियाचं फक्त मामाला वाचून दाखवा. तिथे काखेती नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे, आपल्या दिंडोरी-पिंपळगावसारखा, पण वाईन आठ हजार वर्षं जुनी. मोठाले मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात रस सालींसकट मुरवतात. एका म्हाताऱ्या बागायतदाराला मी सांगितलं, आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. त्याचा विश्वासच बसेना. त्यांच्याकडे थंडीत वेल झोपतात, आपल्याकडे झोपायला थंडीच कुठे? मामा असता तर दोघांची दुभाष्याशिवाय रात्र सरली असती.

त्याच देशात बर्फात अडकले होते. तेव्हा फोनवर सांगितलं असतं तर आई रात्रभर जागी राहिली असती. रशियाच्या सरहद्दीकडे जाणारा घाट, उंची जवळपास २,४०० मीटर. आपली कळसूबाई १,६४६. पुढे ट्रकांची रांग, मागेही तीच, मधे आमची काळीपिवळीच्या जातीची मिनीबस. ड्रायव्हरने चीज भरलेली रोटी फाडून सगळ्यांना वाटली आणि स्वतः खाली उतरून चाकांना साखळ्या बांधत बसला. भाषा कोणाला कोणाची येत नव्हती. पण रोटीचा शेवटचा तुकडा कोणी घ्यायचा, यावर मात्र आपल्या घरातल्यासारखाच आग्रह चालला.

तुम्हाला असल्या घाटात नेणार नाही. मला तुम्हाला कंबोडियाला न्यायचंय, अंकोरवाटला. आईचे गुडघे मी विसरले नाही. तिथली वरची शिखरं आपण खालूनच बघू, त्या जिन्यांवर मलाही धाप लागली. बघायचं ते खालच्या ओवऱ्यांत कोरलंय, आणि तिथे सपाट चालायचं आहे. पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन, जवळजवळ ४९ मीटर लांब. एका अंगाला ८८ देव, दुसऱ्या अंगाला ९२ असुर, मधे विष्णू, आणि वासुकी सगळ्यांच्या हातांतून गेलेला. ज्या अमृताचा थेंब आपल्या गोदावरीत पडला म्हणून आपण सिंहस्थ भरवतो, त्याची ओढाताण तिथे बाराव्या शतकात दगडात कोरली. पश्चिमेला लंकेचं युद्ध आहे. सीताहरण पंचवटीत झालं आणि लढाईची चित्रं कंबोडियात! आई, त्या भिंतीसमोर तू मला सांगायचंस, मी ऐकायचं. माझ्या वेळचा गाइड हनुमानाला नुसता 'माकड' म्हणत होता. मला राहवलं नाही, पण तुझ्यासारखं सांगता आलं नाही.

जायचं तर येत्या थंडीत. तिकडे तेव्हाच हवा बरी असते. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्या सुरू झाल्या की आपल्या घरात पाहुण्यांच्या पंगती उठणार आणि आई ओट्यापासून हलणार नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पुढच्या शनिवारी येईन तेव्हा बसून भरू. साठीच्या पुढच्यांना शुल्कात दहा टक्के सूट आहे, म्हणजे दीड हजाराचे साडेतेराशे. हे बाबांसाठी मुद्दाम लिहिलं. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं, तेव्हा लग्नाच्या नोंदणीचा कागद कपाटातून काढून ठेवा. आणि आई, चौकशीला पोलिस घरी येतो. समोरच्या काकूंना आधी सांगून ठेव, नाहीतर जेल रोडभर भलतीच बातमी व्हायची.

तुमची,
धाकटी