स्मरण ९ ऑक्टोबरचं करावं

मा. संपादक,

बर्लिनची भिंत म्हटली की ९ नोव्हेंबर १९८९ आणि भिंतीवर चढलेली माणसं, एवढंच आपल्या शाळांत सांगितलं जातं. स्मरण करायचं तर ते महिनाभर आधीच्या ९ ऑक्टोबरचं करावं, असं आम्हाला कळकळीनं वाटतं. त्या सोमवारी कम्युनिस्ट राजवटीतल्या पूर्व जर्मनीत, लाइपझिग शहरात, निकोलाय चर्चमधली पाचची शांतिप्रार्थना आटोपली आणि सुमारे ७० हजार माणसं मेणबत्त्या घेऊन, लोकशाही मागत रिंग रोडवर चालू लागली. समोर सुमारे ८ हजार हत्यारबंद पोलीस आणि सैनिक. दवाखान्यांत रक्ताचा साठा करून ठेवलेला. तरी गोळी सुटली नाही. १९४२ साली शाळकरी पोरांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडलेल्या पाहिल्या त्या नंदुरबारला याचं मोल वेगळं सांगायला नको.

हे एका रात्रीत जमलं नव्हतं. सोमवारच्या प्रार्थना १९८२ पासून चालू होत्या. मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत नागरिक मतमोजणीला हजर राहिले, केंद्राकेंद्रावर आकडे टिपून घेतले, सरकारनं ९८.८५ टक्के पाठिंबा जाहीर केला तेव्हा ती लबाडी वहीतच सापडली. ९ ऑक्टोबरला वाद्यवृंद-संचालक कुर्ट माझूर आणि आणखी पाच जणांचं शांततेचं आवाहन शहरातल्या भोंग्यांवरून ऐकवलं गेलं. त्या सहांत तीन जण सत्ताधारी पक्षाचेच पदाधिकारी होते, हे विसरू नये. गर्दी अंदाजापलीकडे गेली, बर्लिनहून स्पष्ट हुकूम येईना, पोलीस मागे सरले.

म्हणून शाळांनी या दिवशी थर्माकोलची भिंत फोडण्याचा देखावा करू नये. मिरवणूक काढा, मेणबत्त्या घ्या, त्याही खऱ्या. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्याचा वाऱ्याला आडोसा. दगड उचलायला हात मोकळा उरतच नाही. मोबाइलच्या टॉर्चमध्ये नेमकं हेच हरवतं. कागदी कपाच्या बुडाला फुलीसारखी लहान चीर पाडून मेणबत्ती खालून घट्ट सरकवावी. चीर मोठी झाली तर ती घसरते. ज्योत कपाच्या काठापेक्षा चार बोटं वर हवी, नाहीतर कप पेटतो. मेणबत्ती जळेल तशी वर ढकलत राहावी. दोन ओळींत हातभर जागा सोडावी, ओढण्या खोचून घ्याव्यात. सहाच्या आधी निघू नये, उजेडात ज्योत दिसत नाही.

लाइपझिगकरांनी मेणबत्त्या गुप्त पोलिसांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर ठेवल्या होत्या. आपल्याकडे त्या हुतात्मा स्मारकाच्या पायरीवर ठेवाव्यात.

– इतिहासाचे काही शिक्षक, नंदुरबार