कापलेल्या पट्टीवरचं नाव

प्रति,
मा. ना. नरहरी झिरवाळ,
अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिंडोरीचे, मी नाशिकच्या दिंडोरी नाक्यावरचा. तिथल्या एका मेडिकलच्या काउंटरमागे एकतीस वर्षं उभा होतो. आता माझेच गुडघे धरलेत, म्हणून घरी बसून हे लिहितोय. तक्रार कोणा दुकानदाराची नाही. जे सांगणार आहे ते मी स्वतः केलंय, रोज केलंय.

"वाताची गोळी द्या, चार." सकाळचं पहिलं गिऱ्हाईक बहुतेक हेच. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर आलेली माणसं. एप्रिलातली खरड छाटणी, ऑक्टोबरातली गोडी छाटणी, मग विरळणी. दिवसभर मांडवाखाली मान वर आणि हात वर. संध्याकाळी खांदा, मान, गुडघा, सगळंच ठणकतं. दहाची पट्टी घ्यायला पैसे नसतात आणि चार गोळ्यांवर चार दिवस निघतात. मी कात्री घ्यायचो, कच्‌कन चार गोळ्या कापायचो, जुन्या पेपरच्या पाकिटात टाकायचो.

त्या तुकड्यावर काय राहतं माहितेय? कधी "नॅक-पी" एवढी शेपटी, कधी नुसती चकचकीत चांदी. नाव गेलं, किती मिलिग्रॅम ते गेलं, मुदत गेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, ही बारीक इंग्रजी अक्षरांतली सूचना उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली. डायक्लोफेनॅक हे शेड्यूल एचमधलं औषध. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीशिवाय देता येत नाही. मी दिलं. आमच्या लायनीत न देणारा दुकानदार मला तरी भेटला नाही.

एक आजी आठवतात. पेठेकडच्या. लेकाकडे आल्या होत्या. बटव्यातून सुपारीबरोबर दोन तुकडे काढून काउंटरवर ठेवले. एकात पांढरी गोळी, एकात नारिंगी. "ही सकाळची, ही रातची. दोन्ही संपत आल्यात." एक गावातल्या दुकानातली होती, दुसरी इथली. उलटून उरल्यासुरल्या अक्षरांवरून ओळखलं, एकात डायक्लोफेनॅक, दुसऱ्यात ॲसिक्लोफेनॅक, दोन्हींत जोडीला पॅरासिटामॉल. एकाच घरातली दोन भावंडं, फक्त रंग वेगळा. शिवाय गुडघा जास्त दुखला की मधे एक जादा. डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा 150 मिलिग्रॅम. त्यावर दुसरी सूजेची गोळी घ्यायचीच नसते. पण नावच नाही तर दोन्ही एकच आहेत हे त्या माउलीला कळणार कसं?

चेहरा पांढराफटक होता. विचारलं, "आजी, शौचाला काळं होतं का?" म्हणाल्या, "होतं की, लोहाच्या गोळ्या चालू हायेत ना." रक्त कमी म्हणून कोणीतरी लोह दिलं होतं. लोहानेही काळं होतं, हे खरंच. म्हणून पोटात रक्त झिरपत होतं तेही त्या काळ्यात लपून गेलं. लेकाला बोलावून सिव्हिलला पाठवलं. नंतर तो सांगायला आला, दोन पिशव्या रक्त चढवलं. त्याने माझे आभार मानले. नारिंगी गोळीचा तो तुकडा मीच आठवडाभर आधी कापून दिला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

दुखणं आणि सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन शरीरात तयार होतं, ते या गोळ्या अडवतात. पण तेच रसायन जठराच्या आतल्या अस्तराची राखण करतं, आणि अंगातलं पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतं. गोळीला चांगलं-वाईट कळत नाही, ती सरसकट अडवते. म्हणून "जेवून घेतली की काही होत नाही" ही समजूत अर्धीच खरी. जळजळ कमी होईल, पण रक्तस्रावाचा धोका रक्तात उतरलेल्या औषधामुळे येतो. सुई घेतली म्हणूनही पोट वाचत नाही. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी सोबत घेतली तर जठराला आधार मिळतो, मूत्रपिंडाला नाही.

बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी, त्यात लघवीची गोळी, वरून ही वाताची, आणि एप्रिलच्या उन्हात पाणी न पिता काम: हे सगळं एकत्र आलं की मूत्रपिंड बसू शकतं. हृदयाचाही प्रश्न आहे. रोफेकॉक्सिब हे याच जातीचं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 साली कंपनीनेच जगभरातून मागे घेतलं. बायपास झालेला, जुना अल्सर असलेला, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा किंवा साठीपुढचा माणूस आला तर आधी चार प्रश्न विचारायला हवेत. नाक्यावर गर्दीच्या वेळी कोण विचारतं? मीही नाही विचारले.

गोळी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. गुडघा सुजून माणूस अंथरुणाला खिळला तर थोडे दिवस, कमीत कमी मात्रेत, डॉक्टरला विचारून घेतलेली हीच गोळी त्याला चालतं करते. गुडघ्याची किंवा बोटांच्या सांध्यांची झीज असेल तर आधी डायक्लोफेनॅकचं मलम वापरून बघावं. रक्तात फारच कमी उतरतं. पण मलमाच्या ट्यूबला चार गोळ्यांपेक्षा जास्त पैसे पडतात, आणि "चोळून काय होतंय" हे ठरलेलं उत्तर. आमवात असेल तर गोष्टच वेगळी. तिथे दुखणं दबतं, सांधा आतून झिजतच राहतो. त्याला वेगळं औषध लागतं, आणि ते वेळेत सुरू व्हावं लागतं. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या "वाताच्या पुड्या" तर विचारूच नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आठ दिवसांत आराम, काही महिन्यांत चेहरा गोल, आणि एकदम बंद केली तर जिवावर बेततं.

आता थोडं गिधाडांविषयी. हसू नका साहेब. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, हे कळल्यावर 2006 साली केंद्राने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. तरी माणसांचं इंजेक्शन गोठ्यात जायचं, म्हणून 2015 साली त्याच्या मोठ्या बाटल्याही बंद करून 3 मिलीची एकेरी मात्रा ठेवली. आपल्या अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं अजून घरटी करतात, मला त्याचा आनंदच आहे. माणूस या औषधाला गिधाडाइतका नाजूक नाही, तेही मान्य. पण पक्ष्यासाठी बाटलीचं माप बदलता येतं, तर पेठच्या आजीसाठी पाकिटावर नाव लिहायला काय हरकत आहे?

माझं मागणं एवढंच. सुटी गोळी ज्या पाकिटातून जाते त्यावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि मुदत मराठीत लिहिलेली असावी, आणि सूजेच्या गोळ्यांसाठी खाली दोन ओळी: सोबत दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नये, शौच काळी झाली, लघवी कमी झाली किंवा पायाला सूज आली तर थांबवून डॉक्टरकडे जावं. रबरी शिक्का करून घेतला तरी चालेल. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, ठीक. पण पट्टीवर जागा नसेल तर तो खोक्यावर चालतो, आणि खोकं आम्ही दुकान उघडताच फाडून टाकतो.

कायदा केंद्राचा, असं उत्तर येईल. पण दुकानाचा परवाना तुमच्या खात्याचा आणि औषध निरीक्षकही तुमचे. निरीक्षक यायचे तेव्हा फ्रीजचं तापमान बघायचे, बिलबुक बघायचे. ड्रॉवरमधले अर्धवट तुकडे काढून "याचं नाव सांगा" असं एकतीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर निम्म्यांचं मलाही सांगता आलं नसतं.

सुरुवात नाशिक जिल्ह्यातून करा. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी निघालेली मंडळी याच नाक्यावर "चार द्या" म्हणून थांबतात, उन्हात, तहानलेली. 2027 चा सिंहस्थही जवळ आलाय. अनवाणी चालणारे म्हातारे पाय येतील आणि गोळ्या मागतील. त्याआधी पाकिटाचा नमुना ठरवायचा असेल तर मला बोलवा. कोणत्या मापाचं पाकीट गर्दीत एका हाताने उघडतं, हे मला पाठ आहे.

आपला,
पंचवटीतला एक निवृत्त फार्मासिस्ट