विनायक, तुझ्या प्रश्नाचं उशिरा आलेलं उत्तर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या भेटीत तू विचारलंस, ‘तुमच्याकडे माणूस म्हणजे पृथ्वीवर अल्लाहचा खलीफा. मग बाकी सगळी सृष्टी त्याच्या दिमतीलाच की!’ मी घाईघाईत काहीतरी बोललो आणि विषय बदलला. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडेना, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तुझ्या बाजूचं कबूल करतो. आकाशांत आणि पृथ्वीवर जे जे आहे ते तुमच्या कामी लावलं आहे, असं कुरआनात आहे (४५:१३, म्हणजे पंचेचाळिसाव्या सूरहची, अध्यायाची, तेरावी आयत, वचन). त्याच्या आधारे ‘सगळं आपल्यासाठीच’ म्हणणारे मलाही भेटले आहेत. पण खलीफा म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार बघणारा, आणि कारभाऱ्याला हिशेब चुकत नाही. तेहतिसाव्या सूरहमध्ये येतं, की ही अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आकाशांपुढे, पृथ्वीपुढे, पर्वतांपुढे ठेवली. ती उचलायला सगळे भ्याले. माणसाने उचलली. आणि त्याच आयतीत त्याला ‘मोठा अन्यायी, मोठा अडाणी’ म्हटलं आहे! ज्याची ओळख अशी करून दिली आहे, त्याने मालकीच्या तोऱ्यात वागावं हे मला पटत नाही.

सहावी सूरह सांगते, की जमिनीवर चालणारा प्रत्येक जीव आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी या तुमच्यासारख्याच ‘उमम’ आहेत. उमम हे ‘उम्मत’चं, म्हणजे समुदायाचं, अनेकवचन. आम्ही स्वतःला पैगंबरांची उम्मत म्हणवून घेतो, त्यात आमचा केवढा जीव अडकलेला असतो. तोच शब्द मुंग्यांना आणि चिमण्यांना. ही आयत मी लहानपणापासून ऐकतोय, पण हा शब्द कानात शिरला तो अगदी अलीकडे.

आता पाण्याचं सांगतो, कारण माझी खरी परीक्षा तिथे झाली. पैगंबर (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वुजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, करत, अशी हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) बुखारी या हदीससंग्रहात आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापात साधारण पाऊण लिटर. अंघोळ एका ‘साअ’मध्ये, म्हणजे चार मुद्दांत, फार तर पाच. साद नावाच्या साथीदाराला वुजू करताना पाहून पैगंबरांनी विचारलं, ‘ही उधळपट्टी कसली?’ त्याने म्हटलं, ‘वुजूतही उधळपट्टी असते?’ उत्तर आलं, ‘हो, वाहत्या नदीवर बसला असलास तरी.’ या दुसऱ्या हदीसच्या सनदीवर, म्हणजे ती कुणी कुणाकडून ऐकली त्या साखळीवर, अभ्यासकांनी बोट ठेवलं आहे, पण मापाची हदीस पक्की आहे.

एका पहाटे मी नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखी वुजू केली. अर्धी बादली भरली. रोज पाच वेळा इतकं पाणी मी वाहू देत होतो, तेही देवापुढे उभं राहण्याच्या तयारीसाठी. दुसऱ्या दिवशी एक मग भरून घेतला. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरांपर्यंत हात. डोक्यावरून ओला हात फिरवला आणि पायांची वेळ आली तेव्हा तळाशी जेमतेम दोन बोटं पाणी उरलं होतं. पुरलं. पण प्रत्येक ओंजळीकडे बघावं लागलं. मुलीने बाहेरून विचारलं, ‘बाबा, पाणी गेलंय का?’

मला सगळ्यात भावते ती ‘हिमा’ची, म्हणजे राखीव कुरणाची गोष्ट. अरबस्तानात इस्लामच्या आधी बलदंड टोळीप्रमुख चांगलं कुरण स्वतःच्या जनावरांसाठी अडवून ठेवत. पैगंबरांनी ही मक्तेदारी मोडली. हिमा राखायची ती सगळ्यांच्या भल्यासाठीच. पुढे पैगंबरांनंतर राज्यकारभार बघणाऱ्या खलीफा उमर यांनी हुनय नावाच्या माणसाला अशा राखीव कुरणावर नेमलं. त्याला दिलेली ताकीद बुखारीत आहे. ज्याच्याकडे मोजके उंट, मोजक्या शेळ्यामेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. पण अब्दुर्रहमान इब्न औफ आणि उस्मान इब्न अफ्फान यांच्या कळपांना आत सोडू नकोस. त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो पोरंबाळं घेऊन माझ्या दारात येईल, आणि सोन्याचांदीपेक्षा पाणी आणि गवत देणं मला सोपं आहे. विनायक, ही दोघं मोठी माणसं, पैगंबरांचे जवळचे सोबती. तरी गवताच्या बाबतीत त्यांना फाटकाबाहेर ठेवलं! निसर्ग राखायचा म्हणजे आधी दुबळ्याचा वाटा राखायचा, हे इतक्या रोखठोकपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सूरह रहमानमध्ये लागोपाठ तीन आयतींत ‘मीजान’, म्हणजे तराजू, येतो. आकाश उंच केलं आणि तराजू मांडला. तराजूत आगळीक करू नका. न्यायाने तोला, माप मारू नका. बाजारातलं माप आणि विश्वाचा तोल यांना एकच शब्द! आणि तिसाव्या सूरहमध्ये म्हटलंय, की माणसांच्या हातांच्या कमाईने जमिनीवर आणि समुद्रात फसाद, म्हणजे बिघाड, माजला. केल्याची थोडी चव त्यांना चाखवावी, म्हणजे ते मागे फिरतील. ‘कमाई’ हा शब्द मी तिथे थांबून पुन्हा वाचला.

हे सगळं पोथीतच राहतं का, असं तू विचारशील. बरंचसं राहतं, हे दुःख आहेच. पण पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारमधल्या पेम्बा बेटालगत मिसाली नावाचं छोटं बेट आहे. तिथे स्फोटकं टाकून मासे मारायचे, त्यात प्रवाळांचा चुराडा व्हायचा. कोळ्यांशी कुरआनातल्या अमानतीच्या भाषेत बोलणं झालं, तेव्हा त्यांना ते आपलं वाटलं. इंडोनेशियाच्या उलेमा (धर्मपंडित) परिषदेने २०१४ मध्ये दुर्मीळ प्राण्यांची बेकायदा शिकार हराम ठरवणारा फतवा काढला. मला वाटतं, आतून पटलं की पहारेकरी कमी लागतात.

आणखी एक हदीस तुला आवडेल, तुझा हात सतत मातीत असतो म्हणून. कयामत, म्हणजे जगाच्या अंताची घडी, उभी राहिली आणि तुमच्यापैकी कुणाच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावूनच टाका. त्या रोपाला कधी पालवी फुटणार नाही, त्याची सावली कुणाला मिळणार नाही. तरी लावायचं. का, हे हदीस सांगत नाही, आणि त्यावर मी अजून विचार करतोय.

४५:१३ बद्दल माझं उत्तर तुला लंगडं वाटलं तर बिनधास्त लिही. पाण्याचा तो मग अजून नळाशेजारीच आहे. मुलीनेही परवा त्यातच वुजू केली आणि तळाचं पाणी मला आणून दाखवलं.

तुझा,
सलीम