कांकेच्या ताईला, जतच्या मुलीकडून

ताई,

तू म्हणाली होतीस की नाव लिहायचं नाही, तर लिहीत नाही. मी शिकते त्या संस्थेचंही लिहीत नाही, कारण पुढे पेशंटबद्दल थोडं येणार आहे आणि ते कुणाला ओळखू येता कामा नये, हेही तूच शिकवलंस. पण बाकीचं सगळं मला उघड लिहायचंय. फोनवर मी आभार मानायला लागले की तू "जेवलीस का" म्हणून विषय बदलतेस, इथे तुला तो बदलता येणार नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझा पहिला इंटरव्ह्यू झाला तेव्हा तू मला माहीतच नव्हतीस. लेखी परीक्षा पास झाले होते. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमफिलला एकेका ठिकाणी थोड्याशा सीट आणि फॉर्म भरणारे देशभरातून, त्यात मी बीएपर्यंत पूर्ण मराठी माध्यमाची, त्यामुळे लेखी निघाली हेच घरात मोठं झालं होतं. पॅनेलने डिप्रेशनबद्दल विचारलं आणि मी डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, त्यातली नऊच्या नऊ लक्षणं इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवली, त्यातली किमान पाच हवीत, दोन आठवडे हवीत, पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच, सगळं. मग एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमच्या गावातली एखादी बाई तुमच्यासमोर बसली आणि तिला हे सगळं होत असेल, तर ती काय म्हणेल?" मला एक वाक्य सुचेना. मी परत लक्षणंच म्हणायला लागले. मॅडमनी मान हलवली, थँक्यू म्हणाल्या.

सिलेक्शन झालं नाही. मी ठरवून टाकलं की आपलं इंग्रजी कमी पडलं, आणि पुढचे दोन महिने इंग्रजी बोलायचा क्लास लावायचा का याचाच विचार करत बसले.

सप्टेंबरमध्ये कोल्हापूरच्या आमच्या मॅडमनी तुझा नंबर दिला. "रांचीला कांकेच्या मेंटल हॉस्पिटलला आहे, नांदेडची मुलगी, दुसऱ्या वर्षाला, बोलून बघ." मी चार दिवस मेसेज टाइप करून पुसत होते. शेवटी पाठवला आणि तू उत्तर न देता सरळ फोनच केलास, रात्री साडेनऊला, वॉर्डातून हॉस्टेलला चालत जाता जाता, मागे कुत्री भुंकत होती. मी लांबलचक ओळख करून द्यायला लागले तर मध्येच म्हणालीस, "ते असू दे, आत्ता काय वाचायलीस?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. "बंद कर ते. तुझ्या घरी कुणाला झोप लागत नसली तर ते काय म्हणतात?"

मला वाटलं तू टाइमपास करतेस. तरी सांगितलं, डोळ्याला डोळा लागत नाही म्हणतात. अजून? जिवाला चैन नाही. अजून? डोकं भणभणतंय, काळजात धस्स होतंय, कशात मन लागंना, अन्न गोड लागत नाही. तू म्हणालीस थांब, हे शेवटचं परत सांग. अन्न गोड लागत नाही म्हणजे त्या बाईला भूक नाही, का भूक आहे पण खाण्यात आनंद नाही, का ती जेवते नीट आणि हे नुसतं दुःख सांगायची रीत आहे? मी म्हणाले माहीत नाही. तू म्हणालीस, "मलाबी माहीत नाही, तिलाच विचारावं लागतंय ना."

ताई, मी त्या रात्री वहीत ते वाक्य लिहून ठेवलंय, तारीख टाकून. पाच वर्षं सायकॉलॉजी शिकले होते पण आईच्या तोंडचे शब्द आणि पुस्तकातला धडा एकाच गोष्टीबद्दल आहेत हे मला तोवर खरंच जाणवलं नव्हतं.

मग मंगळवार आणि शनिवार ठरला. मधले काही वार चुकले, तुझ्या केस प्रेझेंटेशन असायच्या, डिसर्टेशन होतं, एकदा तुला ताप होता तरी तू पाच मिनिटं बोललीस आणि मी तुला ओरडले. बाकी धरून आठ महिने. लेखी परीक्षेचं काय वाचायचं ते तू एका दिवसात सांगून मोकळी झालीस, स्टॅटिस्टिक्स सोडू नको, मेंदूचे लोब आणि न्यूरोट्रान्समीटर पाठ कर, चाचण्या कुणी कशासाठी बनवल्या ते बघ, मागचे पेपर सोडव, झालं. चाचण्यांवरून आठवलं. बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी मला नुसती एक नाव म्हणून पाठ होती. ती कामतांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली होती हे तू सांगितलंस तेव्हा मी जागची उठून उभी राहिले. आमच्या जतेत प्रत्येक घरात या दोन्ही भाषा आहेत, मी कन्नड बोलते हे मी फॉर्मवर कधी लिहिलंच नव्हतं, लिहायची लाज वाटायची असं नाही, पण त्याचा या विषयाशी काही संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. तू म्हणालीस लिही, सगळ्यात वर लिही. कांकेला येणारे पेशंट हिंदी, नागपुरी, संथाली, बंगाली काय काय बोलतात आणि तुला त्यातली हिंदी सोडून काही येत नाही, नातेवाइकाला विचारून विचारून हिस्टरी घ्यावी लागते आणि त्या सांगण्यात अर्धं गळून जातं, हे तू किती तळमळीने बोलायचीस. तिथली दोन हॉस्पिटलं, एक १९१८ साली युरोपियन लोकांसाठी सुरू झालेलं आणि दुसरं १९२५ ला भारतीयांसाठी, हेही तुझ्याकडूनच कळलं. तू म्हणाली होतीस, माणूस वेडा ठरला तरी त्याला कुठल्या गेटातून आत घ्यायचं ते आधी ठरलेलं होतं. मी त्यावर काहीच बोलले नव्हते पण ते मनात राहिलं.

आणि मग अंगात येण्याची ती गोष्ट.

नोव्हेंबरातला शनिवार होता, तू विचारलंस, "तुझ्या गावाकडं कुणाच्या अंगात येतंय का?" मी गप्प. खरं सांगू, ताई? आमच्या थोरल्या आत्याच्या अंगात यल्लमा येते आणि हे मी एमएच्या दोन वर्षांत वर्गात कुणालाही कळू दिलं नव्हतं. सायकॉलॉजी शिकणाऱ्या मुलीच्या घरात असलं काही, लोक काय म्हणतील. तुला सांगितलं तर तू हसली नाहीस आणि "वा, आपली संस्कृती" असंही काही म्हणाली नाहीस. सरळ केस घेतल्यासारखं विचारत गेलीस. कधी येतं? मार्गशीर्षातल्या यात्रेला आणि घरी आरतीच्या वेळी. किती वेळ? पाच-दहा मिनिटं. नंतर आठवतं का? थोडं थोडं. नंतर काय करते? चहा घेते आणि म्हशीची धार काढायला जाते. तिला स्वतःला त्याचा त्रास आहे का, ते थांबावं असं वाटतं का? नाही गं, उलट यात्रेला जाता आलं नाही त्या वर्षी ती उदास होती.

मग तू आयसीडी-१०, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, उघडायला लावलंस, एफ ४४.३, ट्रान्स अँड पझेशन. नुसतं शीर्षक नाही, खालचा मजकूर वाच म्हणालीस. तिथे स्पष्ट लिहिलंय की अवस्था इच्छेविरुद्ध किंवा नकोशी असली पाहिजे, आणि धार्मिक किंवा त्या समाजात चालणाऱ्या प्रसंगांच्या बाहेर रोजच्या जगण्यात घुसत असली पाहिजे, तरच ते इथे मोजायचं. म्हणजे आत्याला हे लेबल लागतच नाही. आणि मग तू म्हणालीस, आता दुसरी कुणी आठव. मला आमच्या गल्लीतली एक नवीन सून आठवली, तिला स्वयंपाक करताना, झोपेतून उठून, कधीही यायचं, ती रडायची की मला हे नको, आणि घरचे तिला भगताकडे नेऊन आणत होते. दोघींनाही गावात एकच शब्द, अंगात येतं. तू म्हणालीस शब्द एक आहे म्हणून गोष्ट एक नाही, आणि हे तुला पुस्तकाच्या आधीपासून दिसत होतं, तू फक्त लपवत होतीस.

फोन ठेवल्यावर मी आत्याकडे गेले आणि तिला पहिल्यांदा नीट विचारलं, तुला तेव्हा कसं वाटतं. ती दीड तास बोलली. त्या दीड तासासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे, अॅडमिशन झालं नसतं तरी असते.

डिसेंबरच्या शेवटी यूजीसीची नोटीस आली, एमफिल ही मान्य पदवी राहिलेली नाही, अॅडमिशन घेऊ नका. सगळ्या ग्रुपवर तेच. पप्पांनी पेपरात वाचलं आणि म्हणाले आता बास, एमए झालंय, सांगलीत काउन्सेलरची नोकरी बघ. मी रडत तुला फोन केला, तू म्हणालीस रडून घे पण वाचन थांबवू नको, हा कोर्स आरसीआयच्या, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या अखत्यारीतला आहे, याचं काहीतरी वेगळं निघेल. आणि जानेवारीत निघालंच, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कच्या एमफिलला २०२५-२६ पर्यंत मुभा. पण ते व्हायच्या आधीच तू पप्पांशी बोलली होतीस. मला वाटलं तू त्यांना २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगशील, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते त्यात लिहिलंय, दोन वर्षं फुल टाइम आणि सुपरव्हिजनखाली ट्रेनिंग. तेही सांगितलंस, पण आधी विचारलंस, "काका, डाळिंबावरचा तेल्या पुस्तकात बघून कळतो का बागेत फिरून?" पप्पा म्हणाले बागेत फिरूनच, आणि तेही कुणीतरी जाणता सोबत पाहिजे. तू म्हणालीस मग हा कोर्स म्हणजे दोन वर्षं जाणत्यासोबत बागेत फिरणं आहे. पप्पांनी त्यानंतर एकदाही नोकरीचा विषय काढला नाही. अजूनही कुणी विचारलं की तुमची मुलगी काय करते, तर ते तेल्यापासूनच सुरुवात करतात.

एका फॉर्मची फी तू भरलीस. डाळिंबाचे पैसे अडकले होते, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती, मी नको नको म्हणत असताना तू तुझ्या स्टायपेंडमधून भरून स्क्रीनशॉट पाठवलास. माझा पहिला स्टायपेंड आला तेव्हा मी ते परत केले आणि तू "राहू दे गं" वगैरे काही न म्हणता घेतलेस. ते मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मदत घेताना मी लहान झाले नव्हते आणि परत करताना तू मला होऊ दिलं नाहीस.

२०२४ चा इंटरव्ह्यू तुला फोनवर सांगितलाय पण एक गोष्ट सांगायची राहिली होती. जत म्हटल्यावर एका सरांनी विचारलं, तिकडे पझेशनच्या केसेस दिसतात का? मी आधी आत्या सांगितली, मग ती सून सांगितली, नावं-गावं न घेता, त्यांचेच शब्द आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. इंग्रजी अडखळलं. दोनदा तर शब्दच सापडला नाही. तरी कुणी मध्ये तोडलं नाही. सर म्हणाले मग त्या मुलीला तुम्ही काय उपचार द्याल? मी म्हणाले, मला अजून माहीत नाही, आधी तिला एकटीला भेटून विचारावं लागेल की हे कधीपासून आणि त्या सुमारास घरात काय चाललं होतं, फिट्स आहेत का ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागेल. हे बोलताना ताई, मला तुझा आवाज ऐकू येत होता. "तिलाच विचारावं लागतंय ना."

वेटिंगला दुसरा नंबर आला. तू धीरबीर काही दिला नाहीस, फक्त म्हणालीस फोन सायलेंटवर ठेवू नको. एकोणीस दिवसांनी फोन आला तेव्हा मी बागेत पप्पांना फवारणीसाठी पाणी भरून देत होते. पहिला फोन तुला केला, तू वॉर्डात होतीस, उचलला नाहीस, आणि रात्री तुझा आला तेव्हा आपण दोघी नुसत्या रडत होतो.

आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. फाइलमध्ये तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची असते हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण गर्दीच्या ओपीडीत बरेचदा घाईने "लो मूड" लिहून पुढे जातात, मीही दमले की तसं लिहावंसं वाटतं. मागच्या महिन्यात एक आजी आल्या, कन्नड बोलणाऱ्या, सोबतच्या माणसाला नीट सांगता येत नव्हतं. मी कन्नडात विचारलं. त्यांनी माझा हात धरला आणि चाळीस मिनिटं सोडला नाही. काय म्हणाल्या ते इथे लिहिणार नाही, पण फाइलमध्ये जसंच्या तसं लिहिलंय, कन्नड शब्द देवनागरीत आणि खाली अर्थ. सुपरवायझरनी ते वाचून विचारलं, हे असं लिहायला कुणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं. तिथे तरी सांगू दिलंस असं समजते.

मलाही आता फोन येतात, जत, आटपाडी, एक मुलगी मंगळवेढ्याची. मंगळवार आणि शनिवारच ठेवलेत.

आईने शेंगदाण्याची चटणी केलीये, तू नांदेडला आहेस की नवीन नोकरीच्या गावी गेलीस ते तिला कळत नाहीये, रोज विचारते. आत्याने यात्रेचा अंगारा पण बांधून दिलाय त्यात, तुझ्यासाठी मुद्दाम. पत्ता पाठव, पिनकोडसकट.

तुझी,
जतची