नकाशे आहेत का ते आधी बघ

स्टुटगार्ट,
रविवार, रात्र

प्रिय अव्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. (मेल म्हणत नाही. हाताने लिहून स्कॅन केलेली चार पानं म्हणजे पत्रच.) अप्पा बळवंत चौकातल्या एका माणसाकडे जर्मन डिव्हिजनांच्या इतिहासाचे अकरा खंड आलेत, विनिपेगला छापलेली इंग्रजी भाषांतरं, घेऊ का? एवढंच विचारलं असतंस तर दोन ओळींत मोकळा झालो असतो. पण शेवटी तू खुट्टा मारून ठेवलास : 'असली पुस्तकं घरात ठेवताना तुला काही वाटत नाही का रे?' वाटतं, म्हणूनच उत्तर लांबलं.

मी या नादाला कसा लागलो ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. इथे कार्ल्सप्लात्झवर दर शनिवारी जुना बाजार भरतो. एखादं म्हातारं माणूस गेलं की घर रिकामं होतं आणि कपबशा, पदकं, पुस्तकं एकाच खोक्यातून तिथे येतात. तिथे बारा युरोला एका व्युर्टेंबर्गी (म्हणजे इथल्याच, स्टुटगार्टच्या मुलखातल्या) रेजिमेंटचा पहिल्या महायुद्धातला इतिहास मिळाला, इथल्याच बेल्झर प्रकाशनाच्या मालिकेतला. लिपी फ्राक्टूर, म्हणजे जुनी जर्मन छापील वळणाची. तीत शब्दाच्या मधला 'स' जवळजवळ 'फ'सारखाच दिसतो, त्यामुळे पहिले दोन महिने मी बोबड्या पोरासारखा वाचत होतो. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून कागदी पाकीट होतं, नकाशांसाठी. रिकामं. नंतर एका विक्रेत्याकडून 'संपूर्ण प्रत' म्हणून टपालाने मागवलेल्या पुस्तकाचंही तेच झालं, आणि ते बारा युरोचं नव्हतं. तेव्हापासून पुस्तक हातात आलं की मी आधी पाकिटात बोटं घालतो. नकाशाशिवाय हे इतिहास म्हणजे गावांच्या नावांची जपमाळ.

ही पुस्तकं आली कुठून, तर १९१८नंतर. जर्मन सैन्य व्हर्सायच्या तहाने एक लाखावर आलं आणि जुन्या रेजिमेंटा बरखास्त झाल्या. निवृत्त मेजर-कर्नल लिहायला बसले. पॉट्सडामला १९१९मध्ये राइशआर्काइव्ह, म्हणजे सरकारी दफ्तरखाना, निघालं होतं, तिथे युद्धदैनंदिन्या वाचायला मिळत. ओल्डनबुर्गच्या स्टालिंग प्रकाशनाने प्रशियन रेजिमेंटांची पुस्तकं शेकड्यांनी काढली. विकत घेणारे कोण? जुने सैनिक, विधवा, आईबाप. मागे मेलेल्यांची यादी. असं पुस्तक लिहिणारा माणूस 'अमुक कंपनी त्या दिवशी पळाली' असं कशाला लिहील?

तुला हे नवं वाटायचं कारण नाही. आपण पुण्यात वाढलोय, बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याला राजवाड्यांनी शिकवलाय. बखरकाराने कुणाच्या आज्ञेवरून, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, हे विचारल्याशिवाय पान उलटायचं नाही. ही पुस्तकं बखरीच आहेत, फक्त त्यांना अक्षांश-रेखांश आहेत.

आता खरी गोम ऐक. १४ एप्रिल १९४५च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पॉट्सडामवर बॉम्ब टाकले आणि प्रशियन सैन्याचं बहुतेक सगळं दफ्तर जळालं. म्हणजे अस्सल कागद गेले आणि त्यांच्यावरून लिहिलेल्या बखरी उरल्या. बवेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेंबर्गची दफ्तरं मात्र म्युनिक, ड्रेस्डेन आणि स्टुटगार्टला होती, ती वाचली. म्हणून मी नव्याने गोळा करणाऱ्याला सांगतो, सुरुवात दक्षिणेकडच्या रेजिमेंटांपासून कर. तिथे बखर आणि कागद शेजारी ठेवून, बखर कुठे फुगते, कुठे गप्प बसते, हे डोळ्यांनी दिसतं. एकदा ती नजर बसली की प्रशियन पुस्तकाकडे वळायचं.

कागद वाचले तर काय होतं याचा एकच दाखला देतो. जुलै १९१६, फ्रान्समधलं फ्रोमेल. ऑस्ट्रेलियनांचा एका रात्रीत धुव्वा उडाला, शेकडो प्रेतं जर्मन रांगांमागे राहिली आणि त्यांतली कित्येक नव्वद वर्षं सापडली नाहीत. समोर सहावी बवेरियन रिझर्व्ह डिव्हिजन होती (हिटलरची रेजिमेंट तीतलीच). तिच्या २१व्या रेजिमेंटच्या कमांडरने २१ जुलैला काढलेला हुकूम म्युनिकच्या दफ्तरात होता : फेझंट वुड नावाच्या रानाच्या दक्षिणेला सामुदायिक खड्डे खणा. २००९ साली तिथून २५० सैनिकांचे अवशेष निघाले. हीच रेजिमेंट प्रशियन असती, तर तो हुकूम पॉट्सडामला जळाला असता.

माझं सगळ्यात लाडकं भांडण मात्र माताजुर डोंगराचं आहे. ऑक्टोबर १९१७, इटलीच्या सीमेवर कापोरेत्तोचा हल्ला. माताजुरवर पहिला पोचेल त्याला 'पूर ल मेरीत', म्हणजे सर्वोच्च पदक, अशी बोली लागलेली. २४ तारखेला कोलोव्राटच्या धारेवरचा १११४ मीटर उंचीचा माथा बवेरियन लाइब रेजिमेंटच्या शर्नरने घेतला. २६ला माताजुरच्या शिखरावर व्युर्टेंबर्गी पहाडी बटालियनचा रोमेल पोचला. तोच, दुसऱ्या महायुद्धातला रोमेल, तेव्हा नुसता ओबरलॉइटनंट (लेफ्टनंटच्या वरची पायरी). आणि माताजुर घेतल्याबद्दलचं पदक मिळालं कुणाला? श्नीबर नावाच्या तिसऱ्याच लेफ्टनंटला, अपर सायलेसियाच्या ६३व्या रेजिमेंटमधल्या. त्याने घेतलेला डोंगर दुसराच होता. रोमेलने कागदोपत्री बोंब ठोकली आणि डिसेंबरमध्ये त्यालाही पदक मिळालं, पण सल गेला नाही. १९३७च्या आपल्या पुस्तकात त्याने ५२ तासांचा हिशेबच मांडलाय : नऊ हजारांवर कैदी, ८१ तोफा, आपले सहा मेले. शर्नर आणि रोमेल दोघेही पुढे हिटलरचे फील्डमार्शल झाले, म्हणजे हे भांडण किती मोठ्या ताटातलं होतं बघ.

या प्रकरणात बवेरियन आणि व्युर्टेंबर्गी बाजूचे कागद आहेत, सायलेसियन रेजिमेंट प्रशियन, तिचे गेले. तिघांच्या तीन बखरी टेबलावर ठेवल्या तर एकाच दुपारी एकाच धारेवर तीन वेगवेगळ्या लढाया झाल्यासारखं वाटतं. मी हा खेळ दोन हिवाळे खेळलो. कोनराड-आडेनाउअर रस्त्यावर लांडेसबिब्लिओटेक (राज्याचं ग्रंथालय) आणि मुख्य दफ्तरखाना शेजारी-शेजारी आहेत. सकाळी बखर, दुपारी कागद, मध्ये कँटीनमधलं मसूरीचं सूप. बायको म्हणते, एवढा वेळ रोमेललासुद्धा लागला नव्हता.

आता तुझे अकरा खंड. दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट निराळी. हरल्यावर जर्मन सैन्याची दफ्तरं अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला गेली, तिथे मायक्रोफिल्म झाली आणि टप्प्याटप्प्याने परत आली. ती आता फ्रायबुर्गला आहेत. मधल्या काळात माजी सैनिकांच्या संघटनांनी डिव्हिजनांचे इतिहास काढायला सुरुवातही केली होती, आठवणींवर आणि घरच्या डायऱ्यांवर. वाफन-एसएसवाल्यांनी (नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ फौजेतल्यांनी) १९५१मध्ये हिआग नावाची संघटना काढली. 'आम्हीही इतरांसारखे साधे सैनिक' हे तिचं पालुपद, आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्नही त्यातच गुंतलेला. त्यांचं प्रकाशन ओस्नाब्रुकचं मुनिन. तुझ्या यादीतले बरेचसे खंड मुळात तिथले.

'दास राइश' डिव्हिजनचे पाच खंड लिहिणारा ओटो वाइडिंगर घे. १० जून १९४४ला फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान गावात ६४३ माणसं मारली ती याच डिव्हिजनच्या 'डेर फ्युरर' रेजिमेंटने. वाइडिंगर तेव्हा त्या रेजिमेंटबरोबर होता आणि त्याच महिन्यात तिचा कमांडर झाला. आदल्या दिवशी ट्युल गावात ९९ जणांना फाशी दिलेली. अशा माणसाच्या हातात लेखणी आली की तो इतिहासकार राहत नाही, आपल्याच खटल्यातला वकील होतो. 'हिटलरयुगेंड' डिव्हिजनचा इतिहास लिहिणारा ह्युबर्ट मायर तर तिचाच आयए, म्हणजे लढाईची आखणी करणारा अधिकारी. कुठला रणगाडा कुठल्या वळणावर होता हे त्याच्याइतकं कोण सांगेल? नॉर्मंडीत तिने मारलेल्या कॅनेडियन कैद्यांसाठी मात्र दुसरं पुस्तक उघड.

आयए हा शब्द लक्षात ठेव, बरीचशी कुलपं त्याने उघडतात. डिव्हिजनच्या मुख्यालयात आयए लढाई बघायचा, आयबी रसद, आयसी शत्रूची माहिती आणि कैदी. माजी सैनिकांची पुस्तकं जवळजवळ पूर्ण आयएच्या टेबलावरून लिहिलेली असतात. शेतकऱ्याचं धान्य नि गुरं कुणी उचलली ते आयबीच्या कागदांत. कमिसारांना, म्हणजे सोव्हिएत सैन्यातल्या राजकीय अधिकाऱ्यांना, गोळ्या घालण्याच्या हुकमाचं काय झालं ते आयसीच्या अहवालांत. जर्मनांच्या ताब्यातल्या सत्तावन्न लाख सोव्हिएत कैद्यांपैकी तेहेतीस लाखांच्या आसपास मेले, आणि डिव्हिजनांचे इतिहास वाचले तर हे कैदी 'घेतले' गेल्यावर हवेत विरतात. म्हणून माझी एक अडाणी परीक्षा आहे, पानं मोजायची. १९४१च्या उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांना ऐंशी पानं आणि मग एखाद्या गावात काढलेल्या सबंध हिवाळ्याला चार, असं दिसलं की त्या चार पानांवर पेन्सिलीने खूण करतो. शोध तिथून सुरू.

तर, घेऊ का याचं उत्तर : तो माणूस संच फोडत असेल तर 'ग्रोसडॉइचलांड' डिव्हिजनचे तीन खंड घे. लेखक हेल्मुट श्पेटर, तोही त्यातलाच माजी सैनिक. कारण इतिहासकार ओमर बार्टोव्हने पूर्व आघाडीवरच्या क्रौर्याचा अभ्यास केला त्यात निवडलेल्या तीन तुकड्यांपैकी ही एक. दोन्ही शेजारी ठेवून वाच, एक महिना झोप उडेल. वाइडिंगर नको, तो वाचनालयात बसून वाचायचा. आणि नकाशे आहेत का ते आधी बघ.

घरात ठेवताना वाटतं म्हणालो. माझी ही पुस्तकं काचेच्या कपाटात नाहीत, आतल्या खोलीत खालच्या फळीवर आहेत. मुखपृष्ठावर स्वस्तिक असलेली एक प्रत आहे, दुकानदाराने त्यावर चिकटवलेला पांढरा कागद मी तसाच ठेवलाय. इथे हा कायद्याचा मामला आहे, शिवाय घरी येणारा प्रत्येक पाहुणा काही तुझ्यासारखा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणारा नसतो.

आता माझं एक काम. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठाचे, १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. सगळी तुकडी मशीनगनने कापली गेल्यावर एकटे त्या चौकीवर धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून लढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण शाळेत ही गोष्ट ऐकली ती या बाजूने. त्या उन्हाळ्यात त्या खोऱ्यात ४४वी आणि ३०५वी जर्मन डिव्हिजन होती, दोन्ही स्टालिनग्राडला संपलेल्या आणि पुन्हा उभ्या केलेल्या. ११४वी येगरही (हलक्या पायदळाची) होती. त्या चौकीत नेमके कोण होते ते मला शोधायचंय. गोची अशी की १९४४च्या मध्यानंतरच्या जर्मन दैनंदिन्या फार विस्कळीत उरल्यात, म्हणजे इथेही फिरून बखरींवरच यायचं. पुढच्या महिन्यात तीन दिवस रजा टाकून फ्रायबुर्गला जातोय.

माणगावला घाडग्यांचा पुतळा आहे. तुझी कोकणात फेरी होईल तेव्हा तिथे थांब आणि खालच्या पाटीचा सरळ, अक्षरं वाचता येतील असा फोटो पाठव. मागच्या वेळेसारखा गाडीच्या काचेतून काढू नकोस.

काकूंना नमस्कार. वहिनीला सांग, लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही.

तुझा,
नंदू